माप घेताना श्वास रोखू नकोस

प्रश्न : दादा, नमस्कार. मी निपाणीचा, वय २३. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. सकाळी नऊला जातो, संध्याकाळी सातला सुटतो. जन्मानं मुलगी, पण मी मुलगा आहे. घरात मी अजून मुलगीच आहे. वखारीत काहींना माहीत आहे, बाकीचे विचारत नाहीत. माझी छाती फार मोठी आहे. मोबाइलवर बघून बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट करणारं घट्ट बनियन, मागवला, चौदाशे रुपये गेले. सपाट दिसावं म्हणून दोन साइज लहान घेतला. तरी मधोमध एकच गोळा दिसतो, काखेतून मांस बाहेर येतं आणि खालची कड गुंडाळून वर चढते. म्हणून आता त्यावरून क्रेप बँडेज गुंडाळतो. पंधरा दिवस झाले, खोल श्वास घेतला की डावीकडे कळ येते. वखारीत धूळ असते, शिंक आली की डोळ्यांपुढे अंधारी येते. बारीक मुलांचे व्हिडिओ बघतो, ती बनियन घातल्यासारखी सपाट दिसतात. माझं तसं का होत नाही? याहून घट्ट काही मिळेल काय?

उत्तर : आधी ती कळ. हे वाचतोस तिथंच बँडेज सोड आणि उद्या सकाळी वखारीत जायच्या आधी डॉक्टरकडे जा. पंधरा दिवस टिकलेली आणि श्वासाबरोबर येणारी कळ बरगडीची असू शकते. डॉक्टरने विचारलं तर खरं सांग : छाती घट्ट बांधत होतो. एवढं एक वाक्य पुरे.

मीही तुझ्यासारखाच, पण मी खरं सांगितलं नव्हतं. २००३ ची गोष्ट आहे. बेळगावच्या शहापुरात एका टेलरच्या हाताखाली काम करत होतो. बाइंडर हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता. सतराव्या वर्षापासून आईच्या जुन्या सुती साडीची पट्टी बांधत आलो होतो, नंतर मेडिकलमधून क्रेप बँडेज आणायला लागलो. श्रावणात दुकानाचं कापड आलं, गठ्ठा खांद्यावर घेऊन जिना चढताना उजव्या कुशीत ‘कट्’ झालं. दवाखान्यात सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. मी घरी येऊन त्याच बरगडीवर पुन्हा बँडेज आवळलं, कारण दुसऱ्या दिवशी दुकानात माणसं येणार होती. सहा आठवड्यांत बरं व्हायला हवं होतं ते चार महिने रेंगाळलं, वर कफ आणि ताप झाला. पुढं कळलं की मोडलेल्या बरगडीलासुद्धा आता डॉक्टर पट्टा आवळत नाहीत. आवळलं की माणूस उथळ श्वास घेतो, कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. मोडलेल्या हाडावर जे बांधू नये ते धडधाकट हाडावर रोज दहा तास बांधायचं, हे तुझ्या बाबतीत मला सहन होत नाही.

क्रेप बँडेज मुरगळलेल्या घोट्यासाठी असतं. घोटा श्वास घेत नाही, छाती घेते. फुगलेली छाती बँडेजला मागे रेटते आणि हललं की बँडेजचे वेढे सरकून एकावर एक चढतात, म्हणून दुपारपर्यंत ते सकाळपेक्षा जास्त आवळलेलं असतं. चिकटपट्टी, पॅकिंगचा प्लास्टिक कागद हेही नको. काही दिवस अगदीच भागत नसेल तर जाड, चांगल्या मापाची स्पोर्ट्‌स ब्रा घाल, तीही एकच. एकावर एक दोन घट्ट कपडे कधीच नकोत.

आता तुझा खरा प्रश्न : घट्ट असूनही सपाट का होत नाही?

मी तीस वर्षं कापड कापतो आहे, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगतो. उशीचा कापूस लहान अभ्र्यात कोंबलास तर अभ्रा सपाट होत नाही, ताठ होतो आणि शिवणीतून कापूस डोकावतो. तुझं तेच झालंय. दोन साइज लहान बाइंडरमध्ये मांसाला जागाच नाही, म्हणून ते मधे गोळा होतं, काखेतून निघतं आणि खालची कड वर ढकलतं. मोठी छाती दाबून जात नाही. ती वाटून द्यावी लागते, थोडी खाली आणि थोडी दोन्ही कुशींकडे. बाइंडर घातल्यावर गळ्यातून हात आत घाल आणि एका बाजूचं मांस खाली आणि बाहेरच्या अंगाला सरकव, मग दुसऱ्या बाजूचं. वर गळ्याकडे कधीही ढकलू नकोस, त्यानंच तो एकच गोळा होतो. आरशात बाजूने बघ. पहिल्याच दिवशी फरक दिसेल.

यासाठी माप बरोबर हवं. आतलं सगळं काढून टेप तीन ठिकाणी लाव : एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत, छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागी आणि छातीच्या बरोब्बर खाली. टेप जमिनीला समांतर हवी, आणि माप घेताना श्वास रोखू नकोस, पोट आत ओढू नकोस. माझ्याकडे येणारी आपली पोरं हटकून तेच करतात. मी टेप धरून थांबतो, बोलत राहतो, त्यांचा श्वास सुटला की आकडा वाचतो. समज छाती ४४ आली आणि खालचं माप ३५ आलं, तर नऊ इंचांचा फरक आहे, म्हणजे छाती भरलेली. कंपनीच्या तक्त्यात छातीचा आकडा धर, खांदा वेगळ्या साइजमध्ये येत असेल तर मोठी साइज घे आणि खांदा टेलरकडून आत घेऊन घे. मोठं लहान करता येतं. लहान मोठं करायला शिवणीत कापडच नसतं.

घेताना चार गोष्टी बघ. पुढचा भाग न ताणणारा, दुहेरी कापडाचा असावा आणि ताण पाठीत आणि कुशीत असावा. चारी बाजूंनी सारखं ताणणारं असेल तर मोठ्या छातीला काही उपयोग नाही. काखेचा घेर वरपर्यंत कापलेला असावा, म्हणजे मांस बाहेर येत नाही. खांद्याची पट्टी निदान तीन बोटं रुंद हवी, नाहीतर वजन दोरीसारखं खांद्यात रुततं. आणि पोट असेल तर आखूड बाइंडर गुंडाळतोच, म्हणून लांब घे आणि पँटमध्ये खोच. बाजूला हुक किंवा चेन असलेला मिळाला तर फार बरं. डोक्यावरून काढताना अर्ध्यात अडकून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत. बिनहुकाचा असेल तर पायांतून वर ओढून घाल, तसाच खाली काढ.

घातल्यावर तीन परीक्षा : कडेखाली दोन बोटं सहज जायला हवीत, पोटभर श्वास घेता यायला हवा आणि खाली वाकून चपलेचा पट्टा लावता यायला हवा. यातली एक जरी नापास झाली तरी तो तुझ्या मापाचा नाही.

वेळेबद्दल मला काळजी आहे. आठ तास ही वरची हद्द, आणि तुझे वखारीचेच दहा भरतात. रस्त्याने जाताना घालू नकोस, सैल शर्ट घालून जा, वखारीत पोचून घाल. दुपारी जेवायच्या सुट्टीत संडासात जाऊन पंधरा-वीस मिनिटं काढून बस. हुकाचा असेल तर हे सहज जमतं. सुटायच्या दोन तास आधीच काढ. झोपताना नाही, ओझं उचलताना नाही, खोकला-ताप असताना नाही. दमा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. बोटांना मुंग्या आल्या, छातीत कळ आली, दम लागला तर समोर कोण बसलंय ते न बघता उठून काढ. रात्री काढल्यावर पाठीवर पडून दहा खोल श्वास घे, दोनदा मुद्दाम खोक, मग दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे ढकल. वाकून चालायची जी सवय आपल्याला लागते तिनंही पाठ दुखते.

आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. हे मी मनचं सांगत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात छाती बांधणाऱ्या १,८०० लोकांनी माहिती दिली होती. त्यांतल्या ९७.२ टक्के लोकांना काही ना काही त्रास झालेला होता, निम्म्याहून जास्त जणांना पाठदुखी होती. विकतचा बाइंडर वापरणारेही त्यातून सुटले नव्हते. मोठ्या छातीवाल्यांना मुख्यतः कातडीचे त्रास जास्त होते. आणि त्रासाशी सातत्यानं जोडलेली गोष्ट निघाली ती म्हणजे आठवड्यातून किती दिवस बांधतोस. म्हणून रविवार मोकळा ठेव. त्या दिवशी घरी मुलगी म्हणून वागावं लागतं, सगळ्यात जड दिवस तोच असतो, हे मला माहीत आहे. तरी ठेव.

आता त्या बारीक मुलांबद्दल. बेळगावात आनंदवाडीचा कुस्तीचा आखाडा आहे. तिथं कुस्ती बघायला येणारे जुने, मेहनत सोडलेले पैलवान बघ. त्यांची छाती सपाट असते काय? भरलेली असते, उतरती असते, शर्टाच्या आत हलते. त्यांना कुणी बाई म्हणत नाही. तुझं शरीर थोराड आहे, तर तुला थोराड पुरुषासारखं दिसायचं आहे, अठरा वर्षांच्या पोरासारखं नाही. एवढं मान्य केलंस की अर्धा दाब आपोआप कमी होतो, उरलेलं शर्टावर सोपवता येतं.

शर्टाबद्दल मला पानभर लिहिता येईल. रेडिमेड पुरुषी शर्ट ४४ छातीचा घेतलास की खांदा एकोणीस इंचांचा येतो, तुझा असेल पंधरा-सोळा. खांद्याची शिवण दंडावर लोंबते आणि बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाते. शर्ट शिवून घे. खांदा तुझ्या मापाचा, घेर छातीच्या मापापेक्षा सहा इंच जास्त, तो कुशीत आणि पाठीच्या बॉक्स प्लेटमध्ये, म्हणजे मधोमध घातलेल्या रुंद चुणीत, सोडायचा. पुढे टक्स, म्हणजे छातीचा आकार काढणाऱ्या चुण्या, अजिबात नको. दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे लावून घे, उंचवट्याची रेघ त्यांत मोडते. कापड अंगाला न चिकटणारं, जरा वजनाचं सुती, गडद किंवा बारीक चौकडीचं. पातळ, फिकं टेरिकॉट नको. आत साधं बनियन, वर शर्टाची बटणं उघडी ठेवलीस तर दोन उभ्या रेघा पडतात आणि मधली छाती हरवते. लग्नाकार्याला नेहरू जाकीट. त्याच्या पुढच्या भागात कॅनव्हास असतो, त्यामुळे आतलं काहीच कळत नाही. टेलरला काय सांगू म्हणशील. ‘मामा, माझ्या छातीला घेर जास्त सोडा,’ एवढंच सांग. आम्ही टेलर लोक रोज नाना तऱ्हेची शरीरं मापतो, बहुतेकांना पुढचं विचारायचं नसतं.

चिकटवायची टेप निघाली आहे, लवचिक कापडी. ती अंगाभोवती कधीच गुंडाळायची नसते, फक्त प्रत्येक बाजू बाहेर ओढून कुशीत चिकटवायची. मोठ्या छातीला ती एकटी पुरत नाही. वापरायचीच असेल तर आधी लहान तुकडा एक दिवस लावून कातडी बघ, स्तनाग्रावर मऊ कापड ठेव, काढताना खोबरेल तेल मुरव. कोरडी ओढलीस तर कातडी निघते.

वजनाचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. वजन उतरलं तर छाती थोडी उतरते, किती ते आधी सांगता येत नाही. त्यासाठी उपाशी राहू नकोस. टेस्टोस्टेरॉनने आवाज बदलतो, दाढी येते, छाती मात्र जात नाही. ज्यांना ती कायमची नको असते त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे. मोठ्या छातीत बहुधा दोन्ही बाजूंना खालच्या घडीत लांब छेद घेतात आणि त्याचे व्रण राहतात. मी ती केलेली नाही. आईच्या आजारपणात साठवलेले पैसे गेले आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. पण म्हणूनच मला माहीत आहे की बाइंडर कुणाकुणाला दोन वर्षं नाही, तीस वर्षं घालावा लागतो. तीस वर्षांच्या हिशेबानं घाल.

एक शेवटचं. तू पत्राच्या खाली लिहिलं आहेस की वखारीत तू कन्नडच बोलतोस, कारण ‘ना बर्तीनि’ (मी येतो किंवा येते) म्हणताना बाई की पुरुष ते सांगावं लागत नाही. वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. मीसुद्धा घरात कित्येक वर्षं ‘आम्ही येतो’, ‘आम्ही जेवतो’ असंच बोलत होतो, म्हणजे येतो-येते यातून सुटका. आमच्या गल्लीतल्या चहावाल्यानं एके दिवशी नेहमीच्या ‘काय गे’ऐवजी ‘काय गा, चहा?’ म्हटलं. त्या दिवशी माझ्या अंगावर बँडेज नव्हतं. मोडलेल्या बरगडीनं शेवटी ते सोडायला लावलं होतं, म्हणून नुसता सैल शर्ट घातला होता.

प्रश्न : माझं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मुलगी १९ वर्षांची, बेळगावात कॉलेजला, शनिवारी घरी येते. ती स्वतःला मुलगा म्हणते. छाती दाबून टाकणारं जाड बनियनसारखं काहीतरी घालते आणि धुऊन पलंगाखाली वाळत टाकते. छातीखालची कातडी लाल झाली आहे, खाजते, वास येतो. मेडिकलमधून ट्यूब आणली, आठ दिवस बरं वाटलं, आता दुप्पट पसरलंय. मी ते कपडे जाळून टाकू काय? हा आजार आहे काय? कुणाला विचारायची सोय नाही.

उत्तर : ताई, जाळू नका. जाळलंत तर लेकरू ओढणी बांधेल, दोरी बांधेल, मी जे केलं ते करेल.

खाज आधी. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपडे वाळतच नाहीत, ते मला ठाऊक आहे, माझं आजोळ त्याच बाजूचं. बाइंडरचं कापड नायलॉनचं असतं. ते अर्धवट ओलं अंगावर चढलं आणि भरलेल्या छातीखालच्या घडीत घाम साचला की तिथं बुरशी धरते. नायटा धरतो तसंच हे. मेडिकलमधल्या पुष्कळशा ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असतं. त्यानं लाली आणि खाज आठ दिवसांत दबते, पण बुरशी आतून पसरते. तुमच्याकडे तेच झालेलं दिसतं. ती ट्यूब बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा. बरं होईपर्यंत बाइंडर नको. त्या दिवसांत सैल सुती बनियन आणि वर जाड शर्ट चालेल. बरं झाल्यावर रोज आंघोळीनंतर घडी टिपून पूर्ण कोरडी करायची आणि घडीत जुन्या मलमलीची पट्टी ठेवायची. पावडर थापू नका, घामात तिचा चिखल होतो. बाइंडर दोन हवेत, एक अंगावर तर एक दोरीवर. थंड पाण्यात हातानं धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबायचे.

आजार नाही, ताई. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात याला मनाच्या आजारांमधून काढून टाकलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १५ एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटलं की आपण पुरुष की स्त्री की आणखी कुणी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आपल्या भागाला हे अगदीच नवं नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगप्पा, म्हणजे पुरुष म्हणून जन्मून देवीच्या नावानं साडी नेसणारे, तुम्ही पाहिले असतील, त्यांच्या हातून भंडारा लावून घेतला असेल. तिकडून इकडे आलेल्यांना आपल्या लोकांनी नाव दिलं, जागा दिली. इकडून तिकडे जाणाऱ्या आमच्यासारख्यांना नाव नव्हतं, म्हणून आम्ही दिसलो नाही. होतो मात्र.

‘मुलगा’ हा शब्द तुमच्या तोंडी लगेच येणार नाही. माझ्या आईला अकरा वर्षं लागली. तोवर ‘लेकरू’ म्हणा. ‘लेकरू आलं, लेकरू जेवलं.’ मराठीनं ही एक वाट ठेवली आहे. माझी आई तिच्यावरूनच चालत आली.

आणि या शनिवारी ते बनियन पलंगाखालून काढा. पडवीत चुलीची ऊब लागते तिथं दोरी असेल, तुमच्या साडीशेजारी, घरच्यांच्या टॉवेलांशेजारी ते उलटं करून पसरा. नायलॉन आहे, विस्तवापासून हातभर लांब ठेवा. दाट कापड आहे, रात्रभर तरी लागेल.